जीबीएसनंतरचा थकवा: ताकद पूर्ण, तरी दम का नाही?

ताई, ऐरोलीहून तुम्ही विचारलंय की मिस्टरांना जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते तो आजार) होऊन आठ महिने झाले, चालतात-फिरतात, डॉक्टर ताकद ‘पाचपैकी पाच’ म्हणतात, पण ठाण्याच्या ऑफिसातून आले की जेवायलाही उठवत नाही. घरचे म्हणतात, मनातून खचलेत. जिम लावू का?

आधी घरच्यांना सांगा, हे आळसाचं नाही. जीबीएसमधून उठलेल्या बऱ्याच जणांना असा थकवा वर्षानुवर्षं राहतो. डॉक्टर हात-पाय दाबून बघतात ती क्षणभराची ताकद. काही मज्जातंतू कायमचे गेलेले असतात, त्यांच्या वाटणीचे स्नायू शेजारचे तंतू सांभाळतात. तपासणीत ते निभावतात, दिवसभराच्या कामाला पुरत नाहीत.

तरी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ एकदा तपासून घ्या. पायांच्या जळजळीसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन चालू असेल तर त्यानेही दिवसा गुंगी येते. डॉक्टरांना वेळ-डोस बदलायला सांगा, मनाने एकदम बंद करू नका. आणि मन खरंच खचलं असेल तर त्याचाही इलाज वेगळा घ्या. दोन्ही एकत्र असू शकतं.

जड वजनांची जिम आत्ता नको. जागेवरची सायकल घ्या: हलका ताण, १० मिनिटं, आठवड्यातून ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची. पाय नेहमीपेक्षा जड वाटले तर वेळ निम्मी करा. ठीक असतील तर दर आठवड्याला २ मिनिटं वाढवा. नेदरलँड्समध्ये देखरेखीखाली बारा आठवडे अशी सायकल करून घेतली, तेव्हा थकवा कमी झाल्याचं दिसलं. लोक चुकतात ते बऱ्या दिवशी: आज छान वाटतंय म्हणून बँक, बाजार, पाहुणे सगळं उरकतात आणि पुढचे दोन दिवस पलंगावर.

ऑफिसची वेळ तासभर पुढे-मागे करून मिळाली तर जरूर मागा. ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटावरून पश्चिमेला जायचं तर पूल चढावाच लागतो, आणि गर्दीत मध्येच थांबता येत नाही. दुपारी २० मिनिटं आडवं व्हायला जागा मिळाली तर संध्याकाळ बरीच सावरते.

तळव्यांना बधिरपणा असेल तर साधी चप्पल सोडा. बोटांची पकड कमी असली की ती निसटते आणि कळतही नाही, पावसाळ्यात ओल्या लाद्यांवर तर नकोच. मागे पट्टा असलेली सँडल घ्या. आंघोळीचं पाणी फार गरम नाही ना ते तुम्ही बघून द्या, रात्री तळव्यांना जखम नाही ना ते टॉर्चने तपासा.

जीबीएस पुन्हा होणं दुर्मीळ आहे. पण थकवा वेगळा आणि नवी कमजोरी वेगळी. विश्रांतीनंतरही जिना चढवत नाही, हातातून वस्तू पडतात, मुंग्या वर सरकतायत असं दिसलं तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे. श्वास किंवा गिळणं जड गेलं तर थेट आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात न्या, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.