काळं ऑइल गळतंय म्हणून मेन जेट लहान करू नकोस

तुझी अडचण मला समजली ती अशी. सेकंडहँड यामाहा वायझेड १२५ (टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी), त्यावर मिकुनीचा ३८ चा कार्ब्युरेटर, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) ४३०. सायलेन्सरच्या जोडातून काळं ऑइल गळतं, दोन-तीन फेऱ्यांत प्लग जातो, कॉर्नरमधून बाहेर पडताना गाडी गुदमरते आणि मग एकदम सुटते. खड्ड्यांच्या रांगेवर मागचं चाक लाथ मारतं, दहा मिनिटांत हात भरून येतात. वजन ५८ किलो. मेकॅनिकनं सुचवलंय की मेन जेट ४०० टाक आणि मागचा शॉकअप घट्ट कर. यातलं काहीच करू नकोस. का, ते सविस्तर लिहितो, कारण पहिल्या सल्ल्यात इंजिन जाऊ शकतं.

मेन जेटचा खरा अंमल थ्रॉटल पाऊणच्या पुढे उघडल्यावर सुरू होतो. त्याच्या खाली, साधारण पाव ते पाऊणपर्यंत, नीडल, म्हणजे मुठीबरोबर वरखाली होणारी सुई, आणि तिच्या क्लिपचा खाचा. अगदी सुरुवातीच्या पावभागात स्लो जेट आणि एअर स्क्रू. तू नाशिकजवळ मखमलाबादकडच्या माळावर चालवतोस म्हणतोस. तिथे फुल थ्रॉटल किती सेकंद लागतो? फार तर दोन-तीन. उरलेला सगळा वेळ तू स्लो जेट आणि नीडलवर असतोस. गळणारं ऑइल तिथलं आहे. मेन ४०० केलास तर गळती तशीच राहील, आणि ज्या दिवशी लांब सरळ पट्टा मिळेल त्या दिवशी मिश्रण पातळ, म्हणजे लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन पिस्टन जाम होईल.

हे मी स्वतः भोगलंय. मे महिन्यातल्या दुपारी, चाळीसच्या आसपास तापमान असताना, मी मेन दोन नंबरांनी खाली आणला. गाडी सुरेख पळायला लागली. मग पावसाळा आला, गाडी उभी राहिली. जानेवारीत पहाटे दिंडोरी रोडच्या बाजूला घेऊन गेलो तेव्हा जेट तोच होता. चौथा गिअर, पूर्ण थ्रॉटल, आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक. क्लच दाबता आला म्हणून पडलो नाही. या गाड्यांच्या सिलिंडरला आतून प्लेटिंग असतं, त्यामुळे यामाहाच्या जुन्या आरएक्ससारखा बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायची सोय नसते. प्लेटिंग पुन्हा करून घ्यावं लागलं आणि सबंध मोसम वाया गेला.

त्यामागचं गणित सोपं आहे. ४० अंशांवरून ८ अंशांवर आलं की हवा सुमारे ११ टक्क्यांनी दाट होते. कार्ब्युरेटर त्यातली साधारण अर्धी भरपाई आपसूक करतो, कारण हवा दाट झाली की पेट्रोलही जरा जास्त ओढलं जातं. उरलेले पाच-साडेपाच टक्के आपल्याला जेटनं भरून काढायचे असतात. मिकुनीच्या या जेटांवरचा आकडा पेट्रोलच्या वाहण्याचं माप सांगतो, म्हणून ४३० वर पाच टक्के म्हणजे ४५० च्या आसपास. दोन नंबर. (कीहिनच्या जेटांवरचा आकडा छिद्राच्या व्यासाचा असतो, तेव्हा कोणी त्याच्या कीहिनचा १७८ सांगितला तर तुझ्या आकड्याशी त्याची तुलना करू नकोस.) मी आता एकच खूण धरून चालतो. निफाडकडे द्राक्षबागांत थंडीपासून घड वाचवायला शेकोट्या पेटायला लागल्या की सकाळच्या राइडआधी मेन एक-दोन नंबर वर. होळीनंतर परत खाली. नाशिकइतका थंडी-उन्हाचा फरक मुंबईच्या पोरांना कधी सोसावा लागत नाही, म्हणून त्यांचे जेटचे आकडे उसने घेऊ नकोस. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर आहोत. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. तीच गाडी टेम्पोत घालून कसारा घाटाखाली नेलीस तर ती आणखी लीन होते. सापुताऱ्याला, हजार मीटरवर, रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

पेट्रोलचाही विचार कर. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तरी मिश्रण सात-आठ टक्के लीन. उंचीमुळे आपण जितके रिच होतो, त्याच्या दुपटीहून जास्त हे उलट्या दिशेनं ओढतं. जुन्या मॅन्युअलमधले आकडे या पेट्रोलसाठी लिहिलेले नाहीत. तुझ्या मेकॅनिकचा ४०० मला म्हणूनच धोक्याचा वाटतो. इथेनॉल पाणीही धरतं, तेव्हा ऑइल मिसळलेलं पेट्रोल पावसाळ्यात कॅनमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवू नकोस. लागेल तेवढंच कालव. ४० ला १ म्हणजे लिटरला २५ मिली, ३२ ला १ म्हणजे ३१ मिली. आरएक्सला ऑइलचा पंप होता, तो स्वतः ऑइल घालायचा. या गाडीला पंप नाही, एकदा विसरलास तर इंजिन गेलं. आणि ऑइल जास्त घातलं की मिश्रण रिच होतं हा गैरसमज सोडून दे. ऑइलनं जागा खाल्ली की जेटमधून पेट्रोल कमी जातं, म्हणजे गाडी उलट लीन होते.

आता तुझ्या गाडीकडे. सेकंडहँड गाडीत जेटवर कोरलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. आपल्याकडे तारेनं जेट साफ करायची, बारीक ड्रिल फिरवायची, झाळून पुन्हा भोक पाडायचीही सवय आहे. तुझ्या ४३० मधून ४६० इतकं पेट्रोल जात असेल. नवे जेट आण, मेन मॅन्युअलमधल्या आकड्याचा आणि त्याच्या वरचे दोन. स्लो जेट मॅन्युअलचा, एक वरचा, एक खालचा. कार्ब्युरेटर उघडलाच आहेस तर फ्लोटची उंची बघ. नीडलवर घासल्याच्या खुणा दिसल्या तर नीडल आणि तिची नळी दोन्ही बदल. झिजलेल्या नळीमुळे अर्ध्या थ्रॉटलला जो रिचपणा येतो तो कुठल्याच क्लिपनं जात नाही.

जेट टाकण्याआधी दोन गोष्टी मात्र तपासच. रीड व्हॉल्व्हची (इंजिनात शिरलेलं मिश्रण परत जाऊ न देणारी) पानं उजेडात धरून बघ, कडा उडाली असेल किंवा पान नीट बसत नसेल तर सुरुवातीचा गुदमरा तिथून येतो. दुसरं, क्रँकचे सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर येतो, ऑइल गळतं, आणि माणूस जेट बदलत बसतो. गिअर ऑइलची पातळी दोन राइडनंतर मोज, कमी झाली तर कारण सापडलं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की हवा ओढली जाते आणि गाडी लीन होते. सील तपासायला इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सहा पीएसआय हवा भरायची, काटा बघत बसायचं, जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे दिसतील तिथे गळती. सातपूर किंवा अंबडला कुठल्याही लेथवाल्याकडून दोन बुच्चे कापून घेतलेस की हे घरी जमतं. सायलेन्सरमधली पॅकिंगची लोकर जळून ऑइलनं भिजली असेल तरी गळती दिसत राहते, ती बदल. पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेली झडप) काजळीनं अडकत नाही ना तेही बघ.

हे सगळं नीट असेल तर इंजिन पूर्ण गरम कर आणि एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत बसव, जोर लावू नकोस. मग दीड फेरा बाहेर. आयडल जरा वाढवून पावपाव फेऱ्यानं फिरवत जा आणि जिथे इंजिन सगळ्यात वर जाऊन स्थिर होतं ती जागा पकड. टू-स्ट्रोकमध्ये हा स्क्रू हवेचा आहे, बाहेर काढला की लीन. ती चांगली जागा एका फेऱ्याच्या आतच सापडली तर स्लो जेट लहान पडतोय, मोठा घाल. दोन-अडीच फेऱ्यांपलीकडे गेली तर जेट मोठा आहे, लहान घाल. तुझ्या खुणा बघता दुसरी शक्यता जास्त. इथे दहा रुपयांचा स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्धा तास जे काम करतात ते महागडा पाईप करत नाही.

मग नीडल. मुठीवर आणि तिच्या घरावर पांढरी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर, म्हणजे नेमकं कुठे गडबडतंय ते डोळ्यांनी दिसेल. अर्ध्या थ्रॉटलला फडफड, जडपणा, धूर म्हणजे रिच. क्लिप एक खाचा वर घे, नीडल खाली जाईल. थ्रॉटल उघडताच "बॉक्" करून पोकळ होते आणि मग पकडते, तर लीन, क्लिप एक खाचा खाली. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. तारीख, वेळ, तापमान, जेट, क्लिप, एअर स्क्रूचे फेरे. मेन सगळ्यात शेवटी, तोही मोठ्याकडून लहानाकडे. वरती फडफडेपर्यंत मोठा घाल, मग एकेक नंबर उतरत ये आणि फडफड थांबली की तिथेच थांब. नवा प्लग घालून, चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला किल स्विच आणि क्लच एकदम दाबून थांब आणि प्लगच्या पोर्सेलीनच्या मुळाशी तपकिरी कडं आहे का बघ. पांढरं दिसलं तर पुढे एक फेरीसुद्धा मारू नकोस. प्लग वारंवार जातो म्हणून कोणी गरम प्लग लावायला सांगेल (एनजीकेमध्ये आकडा लहान तो गरम). त्यानं खूण झाकली जाते, दोष तसाच राहतो.

सस्पेन्शनला हात यानंतरच लाव. उडीच्या चढावर गाडी गुदमरली की पुढचं चाक खाली पडतं आणि आपण दोष फोर्कला देतो. कॉर्नरमध्ये थ्रॉटल झटक्यानं बंद करावा लागला की सगळा भार पुढे येतो, मागचं चाक हलकं होऊन उडतं. जेटिंग जमल्यावर तुझी निम्मी तक्रार गेलेली असेल.

उरलेल्या निम्म्यासाठी आधी हे विचारून घे, मागच्या शॉकअपचं ऑइल शेवटचं कधी बदललं? सेकंडहँड गाडीत बहुतेक वेळा कधीच नाही. ऑइल मेलं की रिबाउंड (दबलेल्या शॉकअपला हळू परत उघडू देणारा अडथळा) मरतो आणि चाक चेंडूसारखं परत येतं. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून बसवायची ते) घट्ट केलास तर ते जास्तच उडेल. ऑइल, सील, नायट्रोजन करून घे, मग मोज. गाडी स्टँडवर उचलून मागच्या ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत पहिलं माप. जमिनीवर, रिकामी, दुसरं. तू पूर्ण गिअर घालून, उभा राहून, मित्रानं धरलेल्या गाडीवर, तिसरं. पहिल्यातून तिसरं वजा केलं की सुमारे १०० मिमी यायला हवं, तेवढं येईपर्यंत प्रीलोड फिरव. मग पहिल्यातून दुसरं वजा कर. ३० ते ४० आलं तर स्प्रिंग योग्य. तुझ्या वजनाला बहुधा पन्नासच्या आसपास येईल, म्हणजे स्प्रिंग तुझ्यासाठी कडक आहे. उलट, वीसच्या आसपास आलं तर स्प्रिंग मऊ आहे. हे ऐकायला उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंग फार दाबून बसवावी लागते, म्हणून रिकामी गाडी उंच उभी राहते.

क्लिकर (सस्पेन्शनचे टिकटिक फिरणारे स्क्रू) पूर्ण बंद करून बाहेर मोजत मॅन्युअलच्या आकड्यावर ठेव. फोर्कची हवा चाक अधांतरी असताना सोड, टायर १३ पीएसआयच्या आसपास. मग खड्ड्यांच्या त्याच रांगेवर जा. चाक परत आदळून वर फेकत असेल तर रिबाउंड दोन क्लिक हळू. रांगेच्या शेवटाकडे गाडी खाली-खाली बसत जाऊन कडक होत असेल तर दोन क्लिक जलद. हात भरून येणं बहुतेक वेळा फोर्कच्या कंप्रेशनमुळे (दबताना होणाऱ्या अडथळ्यामुळे) असतं, ते दोन-दोन क्लिक उघडत जा.

एअर स्क्रूचे फेरे, गिअर ऑइल कमी झालं की नाही, आणि ती तीन मापं मिलिमीटरमध्ये. इतकं लिहून पाठव, सोबत राइडची वेळ आणि तापमान. स्प्रिंग कुठली घ्यायची ते त्यावरून नक्की सांगतो.