शुगर नाही, वजन पण बरोबर आहे, तरी जास्त साखर खाल्ली तर काय होतं? आणि साखरेऐवजी गूळ चालेल का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय वय तिशीतलं, डायबेटीस नाही, पोट सुटलेलं नाही, दिवसाला पाच-सहा चहा होतात आणि घरचे ओरडतात. मी डॉक्टर नाही, भुसावळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे औषधाचं विचारू नका, जे रोज बघतो तेवढं सांगतो.

साखर खाल्ली की शुगर लागली असं सरळ गणित नाही. घराण्यात कोणाला आहे का, वजन, बसून काम, असं सगळं मिळून होतं ते. पण मला शुगर नाही म्हणजे मला साखर बाधत नाही, हे काही खरं नाही. साखरेत अर्धं ग्लुकोज असतं न अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, फ्रुक्टोज मात्र बरंचसं लिव्हरच्याच गळ्यात पडतं आणि रोज जास्तीचं येत राहिलं की लिव्हर त्याची चरबी बनवतं, थोडी स्वतःत साठवतं, थोडी रक्तात सोडतं, ती ट्रायग्लिसराइड. रक्ताचा सॅम्पल मशीनमध्ये फिरवला की वर सिरम, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग, येतो तो फिकट पिवळा, आरपार दिसेल असा पाहिजे. काही जणांचं उपाशीपोटी दिलेलं असूनही ताकासारखं पांढुरकं येतं, ती हीच चरबी. दरवेळी साखरच कारण असते असं नाही, दारू, थायरॉइड, आधीपासूनची शुगर असं बरंच काही असू शकतं, पण त्यातले काही जण दिसायला काडी पैलवान असतात म्हणून सांगतो, वजनावर जाऊ नका. दुखत तर काहीच नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली की फॅटी लिव्हर लिहून येतं आणि मग माणूस घाबरतो.

किती चालते म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्के. म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. आता टपरीच्या एका चहात दोन चमचे धरा, तीन चहात कोटा संपला की हो! त्यात ग्लुकोजचं बिस्किट बुडवलं तर त्याच्यात पाव भाग साखरच असते. कोल्ड्रिंकची २५० एमएलची बाटली एकटीच सहा चमच्यांची आहे, आणि प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, वरून जेवण तेवढंच जातं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या उन्हात थंड प्यावंसं वाटणारच, मग ताक प्या, लिंबू पाणी मीठ टाकून प्या. रसवंतीचा रस नॅचरल वगैरे काही नाही, साखरच आहे ती.

गूळ? चवीला चांगला, पण तो पण बहुतेक साखरच. लोह असतं थोडंफार, पण चहात टाकाल तेवढ्या खड्यातून काय मिळणारे. मधाचं पण तेच.

केळी मात्र बिनधास्त खा. जळगाव जिल्ह्यात राहून लोक साखर सोडायची म्हणून आधी केळी सोडतात न चहा चालूच, हे मला कधी कळलंच नाही. अख्ख्या फळातली साखर ह्या हिशोबात धरत नाहीत, तिच्यासोबत फायबर असतं. शुगरवाल्यांनी प्रमाण डॉक्टरला विचारावं, पण तुम्हाला काय अडचण आहे. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रस-पुरणपोळी दाबून खा, लेकी माहेरी आलेल्या असतात, तिथे कोण चमचे मोजतं. फक्त रसात वरून साखर ओतायची सवय आहे काही घरांमध्ये, ती कशाला ते समजत नाही, आंबा गोड नसेल तर वेगळी गोष्ट.

दातांचं राहिलं. तिथे किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते जास्त नडतं, कारण दर वेळी तोंडातले जंतू साखरेवर ॲसिड करतात. सहा चहा म्हणजे सहा वेळा.

एकदम बिनसाखरेचा सुरू कराल तर चार दिवसांत सोडून द्याल, त्यापेक्षा टपरीवाल्याला कमी साखर सांगा, नाही जमलं तर कटिंग घ्या. घरात कोणाला शुगर असेल तर फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर), एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) एकदा करून घ्या. एचबीएवनसी ५.७ च्या खाली आली तर ठीक, ६.५ किंवा वर आली तर लगेच डॉक्टर गाठा, मधली असेल तर आत्ताच सुधरायची वेळ आहे. आणि सकाळी येताना चहा पिऊन येऊ नका. बिनसाखरेचाच होता असं सांगतात लोक, पण दूध असतं ना त्यात, परत पाठवावं लागतं.