‘ते आले’ की ‘ते आलं’? एका नॉन-बायनरी कलाकाराची मराठी ओळख

खारघरच्या एका हौशी नाट्यसंस्थेसाठी पत्रक लिहिणाऱ्या बाईंनी प्रश्न पाठवला आहे. वाशीच्या कार्यक्रमात एका परदेशी कलाकाराची ओळख छापायची आहे. या कलाकाराला स्वतःला स्त्री म्हणवून घ्यायचे नाही आणि पुरुषही म्हणवून घ्यायचे नाही. जन्मदेश सोडावा लागलेला आहे, दुसऱ्या देशात आश्रय मिळालेला आहे, आणि गाणे व अभिनय ही दोन्ही कामे चालू आहेत. बाईंच्या कच्च्या मसुद्यात पहिले वाक्य असे आहे: ‘शरणार्थी संगीतकार आणि अभिनेता असलेलं ते युरोपात आलं.’ ‘आलं’ हे बरोबर की ‘आले’, आणि ‘शरणार्थी’ म्हणावे की ‘निर्वासित’, असे त्यांनी विचारले आहे.

दुसरा प्रश्न आधी संपवतो, कारण त्याला फार वेळ लागत नाही. ‘निर्वासित’ म्हणजे ज्याचा वास, म्हणजे राहण्याचे ठिकाण, काढून घेतला गेला तो. हा शब्द काय घडले ते सांगतो. ‘शरणार्थी’ काय मागितले ते सांगतो, आणि अमरकोशात ‘शरण’ याचा अर्थ घर व रक्षणकर्ता असा दिलेला असला तरी मराठीत ‘शरण येणे’ म्हणजे हार पत्करणे हाच अर्थ रुळल्यामुळे तो शब्द आपल्या कानाला खाली मान घातलेला वाटतो. फाळणीनंतर उत्तरेत अनेकांनी याच कारणाने ‘शरणार्थी’ नाकारून ‘पुरुषार्थी’ हा शब्द पुढे केला होता, जो आपल्या या कलाकाराला तर अजिबातच चालणार नाही. ठाणे जिल्ह्यात सिंधी कुटुंबांच्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. तिथल्या माणसांसाठी आपण मराठीत ‘निर्वासित’ हाच शब्द वापरत आलो आहोत, तेव्हा तोच ठेवावा. मात्र नवी मुंबईतील काही बातमीदार सिडकोने जमीन घेतलेल्या गावांतील लोकांनाही हल्ली निर्वासित म्हणू लागले आहेत, ते ऐकून माझा संताप होतो. ते प्रकल्पग्रस्त आहेत. १९५१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार निर्वासित ठरण्यासाठी देशाची सीमा ओलांडलेली असावी लागते आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची साधार भीती असावी लागते. लिंगओळखीमुळे होणारा छळ बहुधा यातील ‘सामाजिक गट’ या कारणाखाली मांडला जातो. जमीन जाणे हे दुःख मोठे असले तरी वेगळे आहे आणि त्याला स्वतःचा शब्द आहे.

आता ‘ते आलं’कडे वळू. यामागे असा तर्क दिसतो की, जो पुरुष नाही आणि स्त्रीही नाही त्याला नपुसकलिंग लावावे. (‘नपुंसकलिंग’ या शब्दातला अनुस्वार उच्चारात असूनही लोक असा गाळतात, मीही मुद्दाम गाळून दाखवला.) या शब्दाची व्युत्पत्ती मला इतकी आवडते की ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात नकुल, नख, नक्षत्र, नाक (म्हणजे स्वर्ग) यांच्या रांगेत नपुंसक हा शब्द ठेवला आहे. या सर्वांत आरंभीचा नकारदर्शक ‘न’ जसाच्या तसा टिकतो, एरवीसारखा त्याचा ‘अ’ होत नाही. काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका तेथे विग्रह देते तो ‘पुरुष नव्हे’ एवढाच नाही. स्त्री नव्हे आणि पुरुषही नव्हे, असा तो आहे. ‘स्त्रीपुंस’ या जोडीच्या जागी ‘पुंसक’ हे रूप निपातनाने (नियमाबाहेरचे तयार रूप म्हणून) आले, असे वृत्तिकार सांगतात. म्हणजे ज्या अर्थासाठी आपण आज इंग्रजी शब्द उसना घेतो तोच अर्थ त्यांनी या शब्दात पाहिला होता. ‘पुरुषत्व नसलेला’ हा संकुचित अर्थ वैद्यकाने आणि शिव्यांनी पुढे आणला, आणि भिंतींवरच्या जाहिरातींनी तो पक्का केला. जे भाषाशास्त्री काशिकेचा विग्रह ओढूनताणून केलेला म्हणून बाजूला सारतात त्यांच्याशी मी सहमत नाही. शब्दाचे रूप नियमात बसत नव्हते म्हणून तर त्याची स्वतंत्र नोंद करावी लागली. पतंजलीनेही पाणिनीवरच्या आपल्या महाभाष्यात शरीराच्या खुणांवरून लिंग ठरवणारी व्याख्या मांडून, खाट आणि झाड यांना ती लागू पडत नाही म्हणून व्याकरणापुरती सोडून दिली होती. व्याकरणातील लिंग आणि देहाचे लिंग यांत गल्लत करू नये, हे महाभाष्याच्या काळीच ठरलेले आहे.

तरीही जिवंत माणसाबद्दल लिहिताना ‘नपुंसक’ हा शब्द वापरू नये. व्युत्पत्ती कितीही सुंदर असली तरी ऐकणाऱ्याला ती शिवीच वाटेल. ‘तृतीयपंथी’ही लिहू नये, त्या शब्दामागे एका वेगळ्या समाजाचे जगणे आहे. देवनागरीत ‘नॉन-बायनरी’ लिहावे आणि पुढे जावे.

नपुंसकलिंगी एकवचनाची शिफारस करणाऱ्यांना माझा विरोध आहे, कारण मराठीत ‘ते आलं’ हे मूल, वासरू किंवा पत्र यांच्यासाठी स्वाभाविक आहे, आणि मोठ्या माणसाला ते लावले की तुच्छता येते. मालवणीत ‘चेडू’ नपुंसकलिंगी आहे आणि त्यात माया आहे, हे ठाण्यातल्या मालवणी शेजाऱ्यांमुळे मला माहीत आहे. पण तेही मुलीपुरतेच. याउलट आपले नपुंसकलिंगी अनेकवचन अतिशय सभ्य आहे. दोन पुरुष असतील तर ‘ते दोघे आले’, दोन स्त्रिया असतील तर ‘त्या दोघी आल्या’, आणि एक स्त्री व एक पुरुष असेल तर ‘ती दोघं आली’. स्त्री आणि पुरुष एकत्र आले की मराठी पुरुषाकडे झुकत नाही, तिसऱ्या लिंगाकडे जाते. हिंदीला हे साधत नाही, कारण तिच्यापाशी तिसरे लिंगच उरलेले नाही. पूर्वी लेखनातही हा भेद स्पष्ट होता: ‘ते’ पुल्लिंगी अनेकवचन, ‘तें’ नपुंसकलिंगी एकवचन, ‘ती’ स्त्री आणि ‘तीं’ नपुंसकलिंगी अनेकवचन. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी हे अनुस्वार पुसले, आणि लेखन सोपे झाले म्हणून महामंडळाची आजही स्तुती होते. सोपे झाले ते न वाचणाऱ्यांसाठी. बाईंना पडलेला प्रश्न जुन्या लेखनात निम्म्याहून कमी उरला असता.

बाईंना मात्र पत्रक आजच्या लेखनात छापायचे आहे, आणि तेथे ‘ती आली’ हे एका स्त्रीबद्दलच वाचले जाईल, तेव्हा उपाय सर्वनामात न शोधता प्रयोगात शोधावा. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘त्यांनी गाणी लिहिली’, ‘त्यांनी भूमिका केली’, ‘त्यांनी देश सोडला’ या वाक्यांत कर्त्याचे लिंग कोठेच दिसत नाही, कारण ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपे तिन्ही लिंगांत एकच आहेत. म्हणजे कलाकाराची कारकीर्द जवळपास आपोआप लिंगनिरपेक्ष लिहिली जाते. अडचण आयुष्याची आहे, कारण जन्मणे, पळणे, येणे, राहणे ही अकर्मक क्रियापदे कर्त्याला उघडे पाडतात. तेथे ‘जन्म झाला’, ‘निघावे लागले’, ‘आश्रय मिळाला’ असे लिहावे. ‘निघावे लागले’ यात तर ‘पळाले’पेक्षा घटनेची सक्तीही नेमकी येते. वर्तमानकाळात ‘गातात’, ‘वाजवतात’, ‘राहतात’ ही आदरार्थी रूपे सर्व लिंगांत सारखी आहेत. फक्त आधीचे ‘ते’ किंवा ‘त्या’ गाळावे.

काही क्रियापदे मात्र सकर्मक असूनही फसवतात. शिकणे, बोलणे, म्हणणे, भेटणे, विसरणे यांचा भूतकाळ कर्त्यालाच चिकटतो: ‘सतार शिकला’, ‘सतार शिकली’. संगीतातल्या माणसाची ओळख ‘शिकणे’ टाळून कशी लिहायची, असे कोणी विचारील. ‘शिक्षण घेतले’ म्हणावे. मुलाखतीतील वाक्य देताना ‘म्हणाले’ऐवजी ‘सांगितले’ लिहावे. कलाकाराचेच शब्द प्रथमपुरुषी द्यायचे असतील तर अनुवादकाने विशेष सांभाळावे, कारण ‘मी राहतो’ की ‘मी राहते’ हे मराठी विचारल्यावाचून सोडत नाही. ‘माझे घर येथे आहे’, ‘मला गावेसे वाटते’ या वळणाने जावे. ‘ही व्यक्ती आली, सदर व्यक्तीने गायन केले’ ही युक्ती व्याकरणाला धरून आहे, पण पत्रकाला पंचनाम्याची कळा आणते. एकदा चालेल, दुसऱ्यांदा नको.

राहिले ‘संगीतकार’ आणि ‘अभिनेता’. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कोणालाही संगीतकार म्हणण्याची वृत्तपत्री खोड आता पत्रकांतही शिरली आहे. मराठीत संगीतकार म्हणजे चाल बांधणारा; या कलाकाराने स्वतः चाली बांधल्या नसतील तर तो शब्द खोटा ठरतो. संगीत रंगभूमीने दोन्ही कामांसाठी ‘गायकनट’ हा सुरेख शब्द दिला आणि बालगंधर्वांनी प्रामुख्याने स्त्रीभूमिका करूनही तो पुल्लिंगीच राहिला, म्हणून तोही येथे वापरता येत नाही. नामाऐवजी काम लिहावे: ‘जन्म अमुक शहरात झाला. गायनाचे शिक्षण घरीच मिळाले. छळामुळे देश सोडावा लागला आणि अमुक देशात आश्रय मिळाला. त्यानंतर त्यांनी रंगभूमीवर आणि पडद्यावर भूमिका केल्या, गाणी ध्वनिमुद्रित केली. सध्या तेथेच राहतात आणि गातात.’ नावे आणि वर्षे बाईंनी भरावीत, आणि छापण्यापूर्वी ‘गायलं’ की ‘गायिले’ यावर मला पुन्हा लिहू नये, दोन्ही चालतात.