‘तरतूद’ केलेले पैसे असतात कुठे?

प्रश्न असा आला आहे : ‘बुडीत कर्जांसाठी तरतूद वाढल्याने बँकेचा नफा घटला’ असं बातमीत वाचलं. तरतूद म्हणजे पैसे बाजूला काढून ठेवणं. मग हे पैसे बँक ठेवते कुठे? आणि नुसते बाजूलाच काढले असतील, तर नफा का घटतो? इथे ‘तरतूद’ हा शब्दच चुकला आहे का?

पैसे कुठेच ठेवलेले नसतात. शब्द मात्र चुकलेला नाही. त्याच्याकडून आपण भलतीच अपेक्षा करतो.

‘तरतूद’ हा मुळात अरबी ‘तरद्दुद’. हिंदी-उर्दूत त्याचा अर्थ चिंता, दगदग असाच राहिला. मराठीत तो चिंतेवरचा उपाय झाला, ही मला फार आवडणारी गोष्ट. मुलीच्या लग्नाची तरतूद, म्हातारपणाची तरतूद, अर्थसंकल्पात पुलासाठी केलेली तरतूद : पुढे येणाऱ्या खर्चाची आज लावलेली सोय. (कायद्याच्या कलमातली तरतूद वेगळी, तिच्याशी इथे कर्तव्य नाही.) इंग्रजी ‘प्रोव्हिजन’ला प्रतिशब्द हवा होता तेव्हा हाच शब्द हिशेबाच्या वहीत गेला, आणि तिथे त्याचं तोंड मागे वळलं.

मागे कसं, ते बघा. आंतरराष्ट्रीय लेखामानक ३७ (लेखामानक म्हणजे हिशेब कसा मांडायचा याची नियमावली) हे १९९८ सालचं. आपल्याकडे त्याचा अवतार इंड एएस, म्हणजे भारतीय लेखामानक, ३७. त्यातली प्रोव्हिजनची व्याख्या एका ओळीची आहे : ज्याची वेळ किंवा रक्कम नक्की नाही असं देणं. देणं म्हटलंय, पैसे नव्हे. शिवाय ते देणं आधीच घडून गेलेल्या गोष्टीतून आजच अंगावर आलेलं हवं, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त हवी आणि रकमेचा भरवशाचा अंदाज बांधता यायला हवा.

मिक्सर बनवणाऱ्या एका कारखानदाराचं उदाहरण घेऊ. मार्चअखेर त्याने हजार मिक्सर विकले, वर्षभराच्या वॉरंटीवर. अनुभव असा की हजारात तीस परत येतात आणि दुरुस्तीला प्रत्येकी ४०० रुपये लागतात. ३१ मार्चला वहीत नोंद पडते : वॉरंटी खर्च खाते नावे १२,०००, वॉरंटी तरतूद खाते जमा १२,०००. रोकड खात्याचं नाव दोन्ही बाजूंना नाही. गल्ल्यातला एक रुपया हलला नाही, पण नफा बारा हजारांनी खाली आला आणि ताळेबंदात देणी तेवढ्याने वाढली. जूनमध्ये पहिला मिक्सर परत येईल तेव्हा खरे ४०० रुपये जातील. ते तरतुदीतून वजा होतील, त्या वर्षाच्या नफ्याला धक्का लागणार नाही.

आता गंमत अशी की लग्नाची तरतूद या परीक्षेत नापास होते. लग्न करायचं मनात आहे, पण देणं अजून अंगावर आलेलं नाही. नुसत्या इराद्याला हे मानक दाद देत नाही. ‘पुढल्या वर्षी इमारत रंगवायची आहे’ म्हणूनही तरतूद करता येत नाही. हा कडकपणा उगाच नाही. वाईट वर्षात भरमसाट तरतुदी करून ठेवायच्या आणि पुढे त्या हळूहळू मागे घेऊन नफा गुटगुटीत दाखवायचा, ही युक्ती तेव्हा चांगलीच रुळली होती.

बँकेचं प्रकरण याहून थोडं निराळं. दहा लाखांचं कर्ज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की अनुत्पादक ठरतं, आणि व्यापारी बँकेला तारण असलेल्या अशा कर्जावर पहिल्या टप्प्यात १५ टक्के, म्हणजे दीड लाखाची तरतूद करावी लागते. याचा अर्थ इतकाच की ताळेबंदात ते कर्ज आता साडेआठ लाखांचंच धरायचं. दीड लाख कुठे आहेत? ते तर कर्जदार केव्हाच घेऊन गेला. बँक फक्त कबुली देते. काटेकोरपणे बघितलं तर ३७ क्रमांकाचं मानक याला आपल्यात घेतही नाही. काही देशांत यालाही प्रोव्हिजन म्हणतात, पण ही मालमत्तेच्या किमतीतली दुरुस्ती आहे, असं सांगून ते मोकळं होतं.

बाजूला काढण्याचा भास खरा शोभतो तो ‘राखीव निधी’ला. त्यासाठी मराठीत ‘गंगाजळी’सारखा देखणा शब्द आहे. तो निधी नफा ठरल्यानंतर त्यातून काढतात. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा तिकडे वळवायला सांगितलंय. तरतूद नफा ठरण्याआधीच कापली जाते. गोंधळात भर घालतात ते आपल्या सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल. तिथे बुडीत कर्जांच्या तरतुदीलाच ‘बुडीत व संशयित कर्ज निधी’ म्हणतात. ‘निधी’ वाचल्यावर सभासदाने ‘तो कुठे गुंतवलाय?’ असं विचारलं, तर चूक त्याची नाही.

माझी सूचना शब्द बदलण्याची नाही, शब्दयोगी अव्यय बदलण्याची आहे. पुलासाठी तरतूद, पण बुडीत कर्जांपोटी तरतूद. ‘साठी’ पुढे बघतं. ‘पोटी’त कारण आधीच जन्माला आलेलं असतं, जसं थकबाकीपोटी जप्ती, नुकसानीपोटी भरपाई. काही बातमीदार ‘पोटी’ लिहितात, काही ‘साठी’. पहिल्यांचा कान शाबूत आहे.

जाता जाता : देणं अंगावर येईलच असं नसेल, उदाहरणार्थ कोर्टात लोंबकळणारा दावा, तर तरतूद न करता ताळेबंदाच्या टिपांत नुसता उल्लेख करतात. त्याला ‘आकस्मिक दायित्व’ म्हणू नये. त्यात आकस्मिक काहीच नसतं, तारखा पडतच असतात. ‘संभाव्य देणी’ हा अहवालांतला जुना शब्द चोख आहे.

माझ्या ‘पोटी’च्या नियमाला एक अपवाद आहे, तोही सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक ९ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झालं. त्यानुसार कर्ज दिल्या दिवसापासूनच, एकही हप्ता थकलेला नसताना, पुढच्या बारा महिन्यांतल्या बुडीच्या शक्यतेचा तोटा आजच धरायचा. आपल्याकडच्या मोठ्या बिगरबँक वित्तसंस्था त्याच धर्तीच्या इंड एएस १०९ वर आहेत. त्यांच्या बाबतीत तरतुदीचं तोंड पुन्हा पुढे वळलं आहे, आणि तिथे कुणी ‘साठी’ लिहिलं तर मी हरकत घेणार नाही.