वाचकांचे प्रश्न : लिहिता लिहिता बदलणारे पान

प्रश्न : मी परळमधील एका पतसंस्थेचे संगणक सांभाळतो. लिनक्स सर्व्हरवर पडताळणीची सोय असलेली एसएएस (सर्व्हरमध्ये वापरली जाणारी) डिस्क बसवल्यापासून, कामाच्या गर्दीत मधूनच लिहिताना ‘गार्ड टॅग’ जुळत नसल्याची त्रुटी येते. डिस्क आणि केबल बदलूनही फरक पडला नाही. ही तपासणी बंद करावी का?
— एक वाचक, परळ, मुंबई

उत्तर : तपासणी कृपया बंद करू नका. तशी केल्यास कंट्रोलर (डिस्क चालवणारे कार्ड) स्वतःच टॅग काढून लावील आणि मेमरीपासून कंट्रोलरपर्यंतची वाट बिनपहाऱ्याची राहील.

आपल्या वर्णनावरून संशय डिस्कवर नव्हे, तर फाइल सिस्टीमवर (फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या भागावर) जातो. ५१२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरसोबत ८ बाइटची संरक्षक माहिती जाते. त्यातील २ बाइटचा गार्ड टॅग म्हणजे सेक्टरमधील मजकुरावरून काढलेला सीआरसी, म्हणजे चूक पकडणारी पडताळणी-संख्या. हा टॅग आधी मेमरीत काढला जातो आणि त्यानंतर कंट्रोलर डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीतून) तेच पान, म्हणजे मेमरीचा तो तुकडा, उचलतो. या दोन क्षणांच्या मध्ये, ती फाइल एमॅपने (थेट मेमरीत) जोडून घेतलेल्या एखाद्या प्रोग्रामने त्या पानातला एक बाइट जरी बदलला, तरी टॅग जुना आणि मजकूर नवा अशी फारकत होते. रोखपालाने नोटा मोजून पट्टीवर आकडा लिहावा आणि गड्डी बांधण्याआधी कोणी तीत आणखी एक नोट सरकवावी, तसाच हा प्रकार आहे. साध्या डिस्कवर हे खपून जाते, कारण बदललेले पान ‘डर्टी’ (डिस्कवर लिहायचे बाकी) ठरून थोड्या वेळाने पुन्हा लिहिले जाते.

यावरचा खरा उपाय ‘स्टेबल पेजेस’, म्हणजे लेखन पुरे होईपर्यंत पान बदलू पाहणाऱ्याला थांबवून धरणे. लिनक्स ३.० मध्ये, २०११ साली, तो आला. परंतु सरसकट थांबवल्याने काही कामे रेंगाळू लागली, म्हणून २०१३ च्या ३.९ पासून ज्या डिस्कला गरज आहे तिथेच तो लागू होतो. तेव्हा कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.० हून जुना नाही ना, हे पाहा. मात्र डायरेक्ट आयओ (कर्नलची कॅशे वगळून थेट डिस्कशी देवाणघेवाण) करणाऱ्या डेटाबेसला हे संरक्षण मिळत नाही. तिथे लेखन संपेपर्यंत बफरला (मजकूर ठेवलेल्या मेमरीला) हात न लावण्याची जबाबदारी त्या प्रोग्रामचीच असते.

त्रुटी आली की नवा टॅग काढून पुन्हा लिहावे, असेही काही जण सुचवतात. मला ते धोक्याचे वाटते, कारण मेमरीत खरोखरच बिघडलेल्या मजकुरालाही त्यामुळे बिनचूक टॅग मिळेल. पानाची वेगळी प्रत काढून तीच लिहिणे खर्चिक असले तरी सुरक्षित आहे.

लॉगमध्ये ‘रेफरन्स टॅग’ची (सेक्टरचा क्रमांक सांगणाऱ्या टॅगची) त्रुटी दिसली, तर मात्र मजकूर भलत्याच सेक्टरवर चालल्याची ती खूण असते; तेव्हा आधी ड्रायव्हर आणि फर्मवेअर तपासा.