‘पृथ्वीचे वतन’ म्हणजे पृथ्वीची मालकी का?

प्रश्न असा आला आहे: बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचे ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील’ असे वाक्य आहे. वतन म्हणजे पाटीलकी-देशमुखीचे इनाम एवढेच आम्हाला ठाऊक. इथे अर्थ मालकी असा घ्यायचा की वारसा?

मालकी तर नव्हेच. वारसा जवळचा आहे, पण तोही अपुरा पडतो. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी इथे ‘वतन’ घेऊन जे साधले, ते मला दुसऱ्या कोणत्याही मराठी शब्दाने साधेलसे वाटत नाही. मात्र त्यासाठी वतन आणि इनाम (म्हणजे सत्तेने बक्षीस दिलेली जमीन) यांची गाठ आधी सोडवायला हवी.

वतन मूळ अरबी. अर्थ राहण्याचे ठिकाण, आपले गाव. दख्खनेत त्याला वंशपरंपरेच्या स्थानाचा अर्थ आला. त्या स्थानाबरोबर काम येई, कामाबरोबर हक्क आणि मानपान येत, आणि बहुधा जमीनही येई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांना वतन असे, तसे गावकामगारांनाही असे. वतनदाराला ‘हे माझे, वाटेल ते करीन’ असे म्हणता येत नसे. वर सनद देणारी सत्ता होती, बरोबरीने भाऊबंद होते. वतनांची खरेदी-विक्री होई, पण गोताच्या, म्हणजे गावच्या सभेच्या, साक्षीने आणि महजर, म्हणजे साक्षीदारांसह लेखी कागद, करून. मिरास, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरेचा हक्क, याच घरातली. परागंदा झालेला मिरासदार बऱ्याच वर्षांनी परतला तरी त्याचा मिरासीचा हक्क बुडाला असे गाव मानत नसे. मिरास नसलेला, दुसऱ्या गावाहून येऊन जमीन कसणारा तो उपरी. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता हिब्रूकडे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या हिब्रूत लिहिलेल्या पहिल्या भागात, जमीन ‘असण्या’चे शब्द अनेक आहेत, पण मुख्य दोन. एक ‘अहुज्जा’. तो ‘अहाज’ म्हणजे धरणे, पकडणे या धातूपासून आला; म्हणजे धारण केलेली जमीन, ताबा. दुसरा ‘नहला’, घराण्याकडे वाट्याने आलेला आणि घराण्यातच राहायचा असा भाग. मराठी बायबलात बहुतेक ठिकाणी वतन येते ते या नहलासाठी.

दोन्ही शब्दांतला फरक गोष्टींतूनच नीट कळतो. उत्पत्ती या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याची बायको सारा मरण पावते आणि तो हित्ती लोकांकडे कबरेपुरती जागा मागतो. ‘मी तुमच्यात परका आणि उपरी आहे’ अशी त्याची सुरुवात आहे. त्यांच्यातल्या एफ्रोनला ४०० शेकेल चांदी तोलून देऊन तो मकपेलाची गुहा आणि शेत घेतो, आणि मजकूर त्या जागेला अहुज्जा म्हणतो. चांदी दिली, साक्षीदार होते, ताबा पक्का झाला. नहलाची चांदी कोणी तोलत नाही. ती वाट्याने येते. यहोशवाच्या १८व्या अध्यायात शिलो येथे इस्राएलाच्या उरलेल्या सात वंशांसाठी चिठ्ठ्या टाकून जमीन वाटली जाते, ती नहला. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी तिच्यासाठी ‘क्लेरोनोमिया’ हा शब्द घेतला, त्यातल्या ‘क्लेरोस’चा मूळ अर्थ चिठ्ठीच आहे.

सलाफहाद नावाच्या इस्राएली माणसाच्या पाच मुलींची हकिगत मला या बाबतीत फार मोलाची वाटते. बाप मेला, भाऊ नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा मोशेपुढे उभ्या राहून म्हणतात, बापाच्या भावांबरोबर आम्हालाही अहुज्जा दे. त्या मागतात ताबा. गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात उत्तर येते तेव्हा त्यात दोन्ही शब्द जोडलेले आहेत: ‘अहुज्जत नहला’. ताबा तर द्याच, आणि तो वतनाचा ताबा म्हणून द्या. मागितले त्याहून अधिक मिळाले. मुलगा नाही म्हणून बापाचे नाव कुळातून पुसले जाऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मान्य झाला.

मग मालक कोण? लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातले २३वे वचन ते सरळ सांगते. जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, असे परमेश्वर म्हणतो, आणि पुढे: तुम्ही माझ्याजवळ परके आणि उपरी आहात. मूळ हिब्रूत ही ‘गेर’ आणि ‘तोशाव’ची जोडी आहे, आणि अब्राहामाने हित्ती लोकांपुढे स्वतःसाठी वापरली होती ती नेमकी हीच. आजोबा भूमिहीन होते तेव्हा उपरी. नातवंडांना देश मिळाला तरी उपरीच. दुसऱ्या माणसाच्या तुलनेत ते वतनदार आणि देवासमोर उपरी, असे दोन्ही एकाच वेळी. मराठी वाचकाला हे चटकन कळावे, कारण मिरासदार आणि उपरी हा भेद आपल्या गावगाड्यातलाच आहे. इफिसकरांस पत्रात ‘परके व उपरी नाही’ असे पौल म्हणतो, तेव्हा त्या शब्दाचे वजनही इथूनच येते.

त्याच अध्यायातला योबेल वर्षाचा नियम पाहिला की ही नुसती भक्तीची भाषा नव्हे हे कळते. दर ५०व्या वर्षी शिंग फुंकायचे आणि विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणून किंमत ठरवायची ती पुढच्या योबेलापर्यंत किती पिके निघतील त्यावरून. वर्षे जास्त तर किंमत जास्त, वर्षे कमी तर किंमत कमी. कारण विकणारा विकतो ती पिकांची संख्या, असे वचनातच म्हटले आहे. आजच्या भाषेत तो भाडेपट्टा झाला. मधल्या काळात जवळच्या नातलगाला जमीन सोडवून घेण्याचा हक्क होता. त्या हक्काने यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत १७ शेकेलांना घेतले, तेही बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला असताना. तटबंदीच्या शहरातले घर मात्र वर्षभरात सोडवले नाही तर घेणाऱ्याचे कायमचे होई. शेताला एक न्याय आणि शहरातल्या घराला दुसरा. घर माणूस बांधतो आणि जमीन बांधत नाही, असा त्यामागचा विचार मला दिसतो.

नाबोथाच्या गोष्टीत हे सगळे एकत्र येते. इस्राएलाचा अहाब राजा त्याला म्हणतो, तुझा द्राक्षमळा मला दे, याहून चांगला मळा देतो किंवा पैसे देतो. बाजाराच्या हिशेबाने यात काहीच वावगे नाही. नाबोथ म्हणतो, माझ्या पूर्वजांचे वतन मी तुला देणे परमेश्वर न करो. राजा मळा म्हणतो, नाबोथ नहला म्हणतो. दोघे एकाच जमिनीबद्दल बोलत नाहीत. पुढे ईजबेल राणी खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करवते. एलीया संदेष्ट्याला राजाला जो प्रश्न विचारायला सांगितले जाते त्यात दोन क्रियापदे आहेत: तू खून केलास आणि ‘याराश’ही केलेस (म्हणजे वतन ताब्यातही घेतलेस)?

हे ‘याराश’ मराठीला परके नाही. अरबीतला व-र-थ धातू त्याचा भाऊ, आणि वारस, वारसा, मिरास हे आपले शब्द त्या अरबी धातूतूनच आलेले. (‘मालक’चेही असेच आहे. तो ज्या म-ल-क धातूचा, त्याच धातूचा हिब्रू शब्द ‘मेलेख’, म्हणजे राजा.) पण हिब्रू ‘याराश’ला वारशाबरोबर दुसरी धारही आहे. दुसऱ्याला घालवून त्याची जमीन ताब्यात घेणे, हाही त्याचा अर्थ. कनान जिंकण्याच्या कथनात तो पुन्हा पुन्हा येतो.

आता तुमच्या वाक्याकडे येतो. ‘सौम्य ते पृथ्वीचे वतन भोगतील’ हे येशूने जुन्या करारातल्या ३७व्या स्तोत्रातून घेतले आहे, आणि त्या स्तोत्रात क्रियापद ‘याराश’ आहे. एकाच स्तोत्रात पाच वेळा: देश कोणाला मिळेल? उत्तर: जे दीन, जे परमेश्वराची वाट पाहतात, जे दुष्टांच्या भरभराटीवर जळफळत नाहीत, त्यांना. जिंकणाऱ्यांचे क्रियापद ज्यांना जिंकता येणार नाही त्यांच्या पदरात घातले आहे. अहाबाने केले ते ‘याराश’ नाबोथांना मिळेल, रक्त न सांडता. ‘मालक होतील’ म्हटले की नेमके हेच हरवते, कारण मालक व्हायची धडपड तर अहाबाची होती.

वतन हा शब्द सगळीकडे चपखल बसतो असे मात्र नाही. आपल्याकडे वतन कामाला जोडलेले. इस्राएलात उलटे: उपासनेची सेवा ज्यांच्याकडे, त्या लेवी वंशाला जमिनीचे वतन नाही. गणनाच्या १८व्या अध्यायात त्याच वंशातल्या अहरोन याजकाला सांगितले आहे की तुझा वाटा आणि तुझे वतन मीच. आणि अनुवाद या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात इस्राएल हे परमेश्वराचे वतन. देव माणसाचे वतन आणि माणसे देवाचे वतन! इथे मालमत्ता हा अर्थ पार सुटतो आणि नाते उरते. प्रेषितांच्या कृत्यांत शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवणारा कुप्र (सायप्रस) बेटाचा बर्णबा लेवी होता, हेही ध्यानात घ्यावे. त्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत कोणी आपल्या मालमत्तेतले काही ‘स्वतःचे’ म्हणत नसे, असे त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. मालमत्ता होती, ‘माझे’ म्हणणे थांबले होते. जमीन विकून काही पैसे गुपचूप राखून ठेवणाऱ्या हनन्याला प्रेषित पेत्र स्पष्टच विचारतो, विकण्यापूर्वी ते तुझेच नव्हते काय? त्याचा दोष पैसे राखून ठेवण्यात नव्हता, खोटे बोलण्यात होता.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वतन हा शब्द सगळ्या मराठी कानांना सारखा लागत नाही. महार वतनाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना तुटपुंज्या मोबदल्यावर गावाच्या आणि सरकारच्या राबवणुकीला बांधून ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याविरुद्धच. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. मराठी ख्रिस्ती समाजात, विशेषतः अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मुलखात, महार आणि मांग समाजांतून आलेली घराणी पुष्कळ आहेत. त्यांच्या कानाला ‘वतन भोगतील’ हे आशीर्वादासारखे लागेलच असे धरून चालू नये. म्हणून शब्द ठेवावा असे माझे मत असले तरी तो उलगडल्याशिवाय पुढे जाऊ नये. समजावताना ‘इनाम’ म्हणू नका, ‘मालकी’ही म्हणू नका. ‘हिस्सा’ म्हणा: घरचा म्हणून मिळालेला, विकत न घेतलेला, कोणाला हुसकावून न मिळवलेला आणि कोणाला हिरावता न येणारा.