गच्चीवर ४६, पेपरात ४३

प्रश्न : मुलाने घरगुती हवामान यंत्र आणून दिलं आहे. बाहेरचा सेन्सर गच्चीच्या कठड्याला, पाण्याच्या काळ्या टाकीशेजारी बांधलाय. मे महिन्यात दुपारी तो ४६ च्या पुढे गेला; पेपरात मात्र सोलापूरचं कमाल तापमान ४३ च्या आत. शेजारी म्हणतात, तुमचं यंत्र थापा मारतं. सेटिंगमध्ये आकडा कमी-जास्त करायची सोय आहे, तिथे सरळ ३ वजा करू का? पहाटेचा आकडा पेपराशी जुळतो.
– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : करू नका, बाई. तुमच्या शेवटच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे. पहाटे जुळतं आणि दुपारी तीन अंश चढतं, म्हणजे सेन्सर बहुधा ठीक आहे, त्याची जागा चुकली आहे. ३ वजा केलेत तर दुपार जुळेल, पण डिसेंबरात १४ अंशांच्या पहाटे यंत्र ११ दाखवेल आणि तुम्ही उगाच कानटोपी शोधत बसाल.

माझी सगळी नोकरी सूतगिरणीत, हवा सांभाळायच्या कामावर गेली. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून खात्याखात्यात हवेतला ओलावा मोजायला ओल्या-कोरड्या बल्बचे थर्मामीटर टांगलेले असत. आकडा पटला नाही तर आधी थर्मामीटर तपासायचा, मग तो टांगलेली जागा. दुरुस्तीला हात सगळ्यात शेवटी.

तेव्हा आधी सेन्सर. फिल्टरच्या पाण्याचा बर्फ करा, फडक्यात गुंडाळून बत्त्याने ठेचा आणि जरा थांबा. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. तो ओलसर चमकायला लागला की कामाचा. रुंद तोंडाच्या थर्मासात गच्च भरा आणि फटी भरतील इतकंच गार पाणी ओता. बर्फ तळ सोडून तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं, थोडं ओतून टाका. स्टीलच्या टोकाचा वायरवाला सेन्सर थेट बुडवता येतो. तुमचा आर्द्रताही मोजत असेल तर त्याला पाणी लागू द्यायचं नाही; पातळ पिशवीत घालून, आतली हवा दाबून काढून, पिशवीचं तोंड वर धरून बुडवा. प्लास्टिकच्या डबीतला सेन्सर आळशी असतो, अर्धा तास द्या, मधूनमधून ढवळा. आकडा शून्याच्या अर्धा अंश इकडेतिकडे थांबला तर त्याला नावं ठेवू नका. घरगुती यंत्राकडून त्याहून फार अपेक्षा नसते. पडद्यावर ४३.७ दिसतं म्हणून त्यातला ७ खरा असतो असं नाही.

पण शून्याला पास झालेला सेन्सर चाळिशीत कसा वागतो, हे सोलापूरकराला जास्त महत्त्वाचं. त्यासाठी घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर काढा. ३७ ते ३९ अंशांच्या पट्ट्यात चांगला थर्मामीटर ०.१ अंशापर्यंत भरवशाचा असतो. थर्मासात ३८ अंशांचं कोमट पाणी घ्या (फॅरेनहाइटवाला असेल तर १००.४) आणि दोन्ही शेजारी शेजारी धरा. एक ध्यानात ठेवा : हा थर्मामीटर चढलेला आकडा धरून बसतो, पाणी निवलं तरी खाली येत नाही. दर वेळी बंद करून पुन्हा चालू करा.

आता जागा. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या, दुहेरी झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, मोकळ्या जागेत असतो. ही पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरने तयार केली. वारा आत खेळतो, ऊन शिरत नाही. तुमचा सेन्सर हवेबरोबर कठडा, स्लॅब आणि काळी टाकीही मोजतोय. आपल्या शहाबादी फरश्या तर दिवेलागणीनंतरही धग सोडत राहतात.

खात्री करायची तर दुपारी सेन्सरवर लांबून छत्री धरा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. आकडा भराभर उतरला तर तेवढं उन्हाचं देणं. सावलीत टेबलफॅन लावूनही बघा. कोरड्या सेन्सरवर नुसता वारा घातला तर हवेचं तापमान बदलत नाही. आकडा बदलला तर सेन्सर स्वतःच तापलेला होता. कूलरच्या झोतात मात्र हा प्रयोग करू नका, ओल्या हवेने खरंच गार होईल.

उत्तरेच्या भिंतीला लावा, असं कुणी सांगेल. थंड देशांत ते ठीक. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्ट उजाडेपर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेलाच असतो. ऐन उन्हाळ्यात तीच भिंत चटके खाते. त्यापेक्षा कुंडीखालच्या पांढऱ्या बशा घ्या, सगळ्यांत वरची सोडून बाकीच्यांना मधोमध भोक पाडा, बोटभर फट ठेवून एकावर एक रचा, आत सेन्सर टांगा. अंगणात मातीवर खांब रोवा. गच्चीच सोयीची असेल तर निदान टाकी आणि कठड्यापासून दूर, उंच काठीवर.

मग पेपराशी जुळवा, पण आषाढातल्या ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी. तेव्हा उन्हाची लबाडी जवळजवळ नसते. हेही बघा की वेधशाळा कमाल तापमान संध्याकाळी साडेपाचला वाचते आणि किमान सकाळी साडेआठला. कालचा आकडा आजच्याशी जुळवू नका. इतकं करूनही सकाळ-दुपार-रात्र सारखाच फरक राहिला, तर तेवढा आकडा खुशाल सेटिंगमध्ये भरा. अर्ध्या-एक अंशासाठी मी तरी भरणार नाही, जुळे सोलापूर आणि वेधशाळा यांत तेवढा फरक खराही असू शकतो.

प्रश्न : सेन्सर उकळत्या पाण्यात धरून १०० अंश तपासता येईल का?
– एक विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : नको रे बाबा. हवेचे सेन्सर त्यासाठी केलेलेच नसतात, डबी वितळून बसेल. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहोत. इथे पाणी ९८.५ अंशांच्या आसपासच उकळतं. आईकडे स्वयंपाकाचा स्टीलचा थर्मामीटर असेल तर तो घालून बघ. त्याने बरोबर १०० दाखवले, तर तो दीड अंश पुढे आहे.